शून्यकरणीय

तमसेच्या काठी, बरहौली खुर्दच्या शाळेत
मुलांना लवकर सोडून आम्ही कचेरी मांडली होती.
फळ्यावर सातचा पाढा तसाच.
मुस्तकीम अमीन त्याच्याखाली खडूने
गाटा क्रमांक लिहीत होता.

मी चकबंदी अधिकारी.
माझ्या सहीने ओढ्याकाठचं शेत बाभळीपाशी जातं,
नऊ तुकड्यांचा एक चक होतो,
बांध उसवतात, दुसरीकडे टाचले जातात.
मातीची किंमतही मीच ठरवतो :
ही सोळा आणे, ही अकरा,
ती पलीकडची, जिच्यावर मीठ फुलतं, तिला तीन.
मोहाच्या झाडाचे वेगळे. विहिरीचे वेगळे.
गावात म्हणतात, साहेबांची पेन्सिल नांगरापेक्षा खोल जाते.
ऐकायला बरं वाटतं.

सुखदेई आली ती उन्हं कलल्यावर.
अंगठा आधी दाखवला, अर्ज नंतर.
गाटा दोनशे सतरा, एक बिघा चार बिस्वे,
आता रामसमुझच्या नावावर. पुतण्या.
खरेदीखत, निबंधकाचा शिक्का, दोन साक्षीदार;
त्यातला एक वारलेला,
दुसरा रामसमुझचा साडू.

मी खत वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं.
अशा वेळी कायदा एक फट ठेवतो, करंगळीएवढी :
कागद कसला आहे हेच बाईला ठाऊक नसेल
तर तो कागद नव्हेच. तो शून्य.
शून्य मी ओलांडून जाऊ शकतो,
जसा कोरडा पाट ओलांडतात.
पण कागद जमिनीचा हे ठाऊक होतं,
आतला मजकूर तेवढा फिरवला, असं असेल
तर तो शून्यकरणीय.
म्हणजे शून्य होईल, कुणी केला तर.
तो कुणीतरी मी नव्हे.
तो आझमगढला बसतो, दिवाणी न्यायालयात,
आणि त्याच्याकडे तारखांना तोटा नसतो.

म्हणून मी विचारलं, हळू, जरा जास्तच हळू :
"आजी, तुम्हाला वाटलं असेल ना,
की हा पेन्शनचा कागद आहे?"

पेशकाराची लेखणी थांबली.
रामसमुझच्या वकिलाने चष्मा काढून हातात धरला.

"पेन्शनचा कशाला?" म्हातारी म्हणाली.
"जमिनीचाच होता. दोन बिस्वे देणार होते मी,
त्याच्या बोअरिंगला. माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो.
दोन बोललो होतो. त्याने सगळं लिहून घेतलं."

मी पुन्हा विचारलं, शब्द फिरवून.
मी पण फिरवले.

"साहेब," ती म्हणाली, एखाद्या मंद पोराला सांगावं तशी,
"कागद जमिनीचाच होता."

सोळा आणे खरं.
आणि त्या सोळा आण्यांवर चालत
ती माझ्या हद्दीबाहेर गेली.

निकाल पेशकाराला सांगितला नाही, स्वतः लिहिला :
सदर खत रद्द करण्याचा अधिकार या न्यायालयास नाही.
वाचून दाखवला तेव्हा रामसमुझ खाली बघत होता,
हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

"मग तुमच्या हातात आहे काय?" तिने विचारलं.
रागाने नाही. बाजारात विचारतात तसं.
म्हणालो, तुमच्या दारापर्यंत चकरस्ता देता येईल,
दहा फुटी, नकाशात दाखवून.
"आणि जाऊ कुठे त्याच्यावरनं?"

ती गेल्यावर मुस्तकीमने जरीब गुंडाळली,
कडी कडीवर वाजत.
"सात एकतीसे दोनशे सतरा," तो फळ्याकडे बघत म्हणाला,
"बाकी उरत नाही, साहेब."

हेडमास्तरांनी बजावलं होतं, फळा स्वच्छ करून ठेवा.
डस्टर सापडेना.
मी बाहीने पुसायला घेतलं
आणि आधी पाढाच पुसला गेला.